विश्लेषण : बांबूचं फर्निचर खरंच 'इको-फ्रेंडली' असतं का?

सण जवळ आले की घराचं रूप बदलायची हौस मराठी घरांना नवी नाही. आधी भिंतींना रंग, मग पडदे, मग 'ती जुनी खुर्ची एकदाची काढून टाका' हा संवाद. आता त्यात फोनची भर पडली आहे. इन्स्टाग्रामवर एखादं होम डेकोरचं रील दोनदा पाहिलं, की पुढचे आठ दिवस फीडमध्ये बांबूचे झुलते दिवे, बांबूचे सोफे, बांबूची शू-रॅक आणि बांबूचे टूथब्रश यांची रांग लागते. खाली कॅप्शन ठरलेली असते : 'निसर्गाला घरी आणा', 'सस्टेनेबल', 'शंभर टक्के इको-फ्रेंडली'.

कमेंटमध्येही ठरलेला प्रश्न असतो : 'प्राइस प्लीज?' आणि त्याला ठरलेलं उत्तर : 'डीएम केलंय.'

हा बांबू कुठून आला, तो कशाने चिकटवला आहे आणि किती वर्षं टिकणार आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खरं तर एखादी वस्तू पर्यावरणपूरक आहे की नाही, हे याच तीन प्रश्नांवर ठरतं.

आधी मूळ मुद्दा : बांबूचं एवढं कौतुक का?

बांबू हे झाड नाही. शास्त्रीयदृष्ट्या ते गवत आहे, म्हणजे ऊस, गहू आणि ज्वारीच्या कुळातलं. याच एका गोष्टीमुळे त्याचं सगळं गणित झाडापेक्षा वेगळं होतं.

सागाचं झाड तोडलं की ते संपलं. नवीन रोप लावून चांगलं लाकूड मिळायला काही दशकं जातात. बांबूचं बेट असतं. दर पावसाळ्यात जमिनीखालच्या कंदातून नवे कोंब फुटतात आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतात. काही जाती तर दिवसाला ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. महाराष्ट्रातल्या जाती इतक्या झपाट्याने वाढत नाहीत, पण सागाच्या तुलनेत त्यांचाही वेग कितीतरी जास्त आहे.

उंची लवकर येत असली तरी ताकद यायला वेळ लागतो. साधारण तीन ते चार वर्षांत काठी पक्की होते आणि फर्निचरच्या कामाची ठरते. ती कापली तरी बेट जिवंत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोंब फुटतात. म्हणजे नीट कापणी केली, तर दरवर्षी उत्पन्न मिळतं आणि जमीन उघडी पडत नाही. मुळांचं जाळं माती धरून ठेवतं, म्हणून नदीकाठी आणि उतारावर बांबू लावला जातो.

भारतात बांबूची कमतरताही नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १ लाख ५४ हजार ६७० चौरस किलोमीटर क्षेत्रात बांबू आढळतो. मध्य प्रदेश, अरुणाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही त्यातली आघाडीची राज्यं आहेत. विदर्भातला मानवेल, कोकणातला माणगा आणि काटेरी कटांग या महाराष्ट्रातल्या ओळखीच्या जाती.

इथे एक व्हॉट्सअॅपी दावाही तपासायला हवा. 'बांबू इतर झाडांपेक्षा ३५ टक्के जास्त ऑक्सिजन देतो' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्यामागे भक्कम शास्त्रीय अभ्यास सापडत नाही. वनस्पती वाढताना जेवढा कार्बन शरीरात साठवते, साधारण त्याच प्रमाणात ऑक्सिजन बाहेर पडतो. पुढे ती काठी कुजली किंवा जाळली, तर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणून बांबू किती वेगाने वाढतो याइतकंच महत्त्व त्याची वस्तू किती वर्षं टिकते, यालाही आहे.

गवताला कायद्याने 'झाड' का केलं होतं?

इतका उपयोगी बांबू भारतात फर्निचरसाठी मागे का राहिला, याचं एक उत्तर कायद्यात आहे.

इंग्रजांनी केलेल्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश होता. परिणामी अनेक राज्यांत शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडायचा किंवा बाजारात न्यायचा म्हटलं, की परवानग्यांचा फेरा सुरू व्हायचा. शेतकऱ्याने ऊस लावावा आणि तो तोडायला वन विभागाकडे जावं, असाच हा प्रकार. साहजिकच शेतकरी बांबूच्या भानगडीत पडेनात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर उगवलेला बांबू तोडण्या-नेण्यातला मुख्य कायदेशीर अडथळा दूर झाला. जंगलातला बांबू मात्र आजही वनोपज आहे आणि त्याला वेगळे नियम लागू आहेत.

त्यानंतर धोरणांचा वेग वाढला. राष्ट्रीय बांबू मिशनची २०१८ मध्ये फेररचना झाली. महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेतून बांबू लागवडीला अनुदान मिळू लागलं. लातूरचे पाशा पटेल यांच्यासारखे नेते गावोगाव बांबूचा प्रचार करू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र बांबू उद्योग धोरणाला मंजुरी दिली. त्यात ५० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि ५ लाखांहून अधिक रोजगार असं उद्दिष्ट ठेवण्यात आलं आहे.

उद्दिष्ट मोठं आहे. पण लावलेला बांबू घेणार कोण, हा शेतकऱ्याचा प्रश्न असतो. इथेच शहरातल्या घराचा आणि त्यातल्या फर्निचरचा संबंध येतो.

गडचिरोलीच्या जंगलातून आलेला एक धडा

बांबूची गोष्ट मेंढा-लेखा या गावाशिवाय पूर्ण होत नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

या भागातला बांबू अनेक दशकं प्रामुख्याने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता. जंगल गावाच्या दारात असलं, तरी त्यातल्या बांबूवर गावाचा हक्क नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदललं. या कायद्यात बांबूला 'गौण वनोपज' मानलं गेलं आणि गौण वनोपजावरची मालकी गावकऱ्यांना दिली गेली. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना कुणी द्यायचा, यावरून वन विभागाशी वाद झालाच. एक कायदा बांबूला झाड म्हणत होता आणि दुसरा वनोपज. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती सोपवलं. स्वतःचा बांबू स्वतः विकणारं हे देशातलं पहिलं गाव ठरलं. पुढे गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या इतर ग्रामसभांनीही तोच रस्ता धरला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर बांबूच्या उत्पन्नाच्या बळावर तेंदूपाने गोळा करणं बंद करायचा निर्णय घेतला, कारण तेंदूसाठी जंगलाला आग लावली जाते आणि फांद्या छाटल्या जातात.

म्हणजे बांबूच्या विक्रीतून गावाला पैसा मिळाला, तर गाव जंगल राखतं. सोशल मीडियावरच्या 'इको-फ्रेंडली' शिक्क्यात ही बाजू दिसत नाही. जंगलाजवळ राहणाऱ्यांना काहीच मिळत नसेल, तर ती वस्तू फक्त दिसायलाच हिरवी राहते.

बांबू स्वस्त, मग बांबूचा सोफा महाग का?

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो : 'गावाकडे बांबू पडून असतो, आणि तुम्ही एका खुर्चीला एवढे पैसे मागता?'

पहिलं कारण म्हणजे बांबू साच्यातून आल्यासारखा एकसारखा नसतो. प्रत्येक काठीची जाडी, पेरांमधलं अंतर आणि बाक वेगळा. त्यामुळे कारागिराला प्रत्येक सांधा हाताने जुळवावा लागतो.

दुसरं कारण म्हणजे प्रक्रिया. कापल्यानंतर काठी वाळवणं, कीडरोधक द्रावणात मुरवणं, पुन्हा सावलीत सुकवणं यात वेळ आणि जागा दोन्ही लागतात.

तिसरं कारण म्हणजे वाया जाणारा माल. सोफ्याच्या गुळगुळीत फळ्या किंवा फ्लोअरिंग बनवायचं, तर गोल आणि पोकळ बांबू चिरून त्याच्या सपाट पट्ट्या काढाव्या लागतात. या तासण्यात काठीचा बराच भाग भुसा होऊन जातो.

चौथं कारण म्हणजे साखळी. महाराष्ट्रात बांबू पिकतो विदर्भात आणि कोकणात, गिऱ्हाईक असतं मुंबई-पुण्यात. सिंधुदुर्गातल्या कुडाळची 'कॉनबॅक' ही संस्था आणि चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांनी स्थानिक कारागीर घडवण्याचं काम केलं आहे. पण एकूण पाहता बहुतेक गावं अजूनही काठ्यांचे बंडलच विकतात. काठीची खुर्ची होताना किंमत जी अनेक पटींनी वाढते, ती वाढ गावाबाहेर होते.

आणखी एक नाव या साखळीत नेहमी मागे राहतं, ते बुरुडांचं. सूप, टोपली, परडी, कणगी, तट्ट्या या सगळ्या वस्तू महाराष्ट्राला पिढ्यान् पिढ्या बुरूड समाजाने पुरवल्या. पुण्यासह अनेक शहरांत बुरूड आळी आजही आहे. प्लास्टिकच्या टोपल्या आणि घमेली आली आणि हा धंदा आक्रसला. आज तीच वीण 'हँडमेड बोहो लॅम्प' म्हणून मॉलमध्ये मिळते. त्या दिव्याच्या किमतीतला किती वाटा विणणाऱ्या हाताला मिळतो, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

खरी मेख चिकटवण्यात आहे

आता घरातल्या हवेकडे वळूया. गोल काठ्या बांधून किंवा खुंट्या मारून केलेल्या खुर्चीत चिकटद्रव्य फारसं नसतं. पण पट्ट्या जोडून केलेला 'लॅमिनेटेड' बांबू, धागे दाबून केलेला 'स्ट्रँड वोवन' बांबू आणि बांबू प्लाय या तिन्हींमध्ये रेझिन म्हणजे औद्योगिक चिकटद्रव्य लागतं. प्लायवुड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचंही तसंच आहे.

या रेझिनमध्ये बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड असतं. नवीन कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात किंवा उग्र वास येतो, त्यामागे हा वायू असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

घाबरून जायचं कारण नाही. किती प्रमाणात आणि किती काळ, यावर धोका ठरतो. रेझिनचा प्रकारही महत्त्वाचा असतो. स्वस्त बोर्डांमध्ये वापरलं जाणारं युरिया फॉर्मल्डिहाइड जास्त वायू सोडतं. पाण्याला टिकणाऱ्या प्लायमधलं फिनॉल फॉर्मल्डिहाइड त्यापेक्षा बरंच कमी सोडतं. काही नव्या चिकटद्रव्यांत तर फॉर्मल्डिहाइड नसतंच. उष्णता आणि दमटपणा वाढला की बोर्डातून वायू बाहेर पडण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणजे मुंबईतल्या मे महिन्यातलं बंद घर हे त्यासाठी अगदी अनुकूल.

युरोपात यावर नियम कडक होत आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये ठरवलं, की लाकूड-आधारित वस्तू आणि फर्निचरमधून हवेत जाणाऱ्या फॉर्मल्डिहाइडची मर्यादा ऑगस्ट २०२६ पासून घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅम असेल. भारतात केंद्र सरकारने प्लायवुड आणि लाकडी बोर्डांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून बीआयएसचं मानचिन्ह सक्तीचं करण्याची पावलं उचलली आहेत.

दुकानात 'ई-वन' आणि 'ई-झिरो' हे शब्द सर्रास ऐकू येतात. 'ई-वन' हा युरोपीय मानकातला वर्ग आहे. 'ई-झिरो' हा मात्र युरोपीय मानकातला अधिकृत वर्ग नाही, बाजारात रुळलेला शब्द आहे. त्यामुळे विक्रेता 'ई-झिरो' म्हणाला, तर पुढचा प्रश्न असायला हवा : चाचणीचा अहवाल दाखवता का?

म्हणजे चित्र असं होतं. बांबू कितीही नैसर्गिक असला, तरी तो स्वस्त रेझिनमध्ये बुडवून दाबला असेल, तर घरातल्या हवेच्या दृष्टीने तो साध्या बोर्डापेक्षा चांगला असेलच असं नाही.

'बांबू' लिहिलंय, पण बांबू आहे का?

काही वस्तूंमध्ये तर बांबू फक्त नावापुरता असतो.

'बांबू फायबर'चे कप आणि ताटल्या आठवा. यातले बरेच कप प्रत्यक्षात मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि त्यात बांबूची भुकटी मिसळलेली असते. जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यांकन संस्थेने २०२० मध्ये इशारा दिला, की अशा कपात गरम पेयं घेतल्यास फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन पेयात उतरू शकतं. पुढच्याच वर्षी युरोपीय आयोगाने अशा वस्तू बाजारातून हटवण्यासाठी मोहीम उघडली.

'बांबू बेडशीट' आणि 'बांबू टॉवेल' यांचंही तसंच. मऊ लागणारं बहुतेक बांबूचं कापड म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बांबूचा लगदा विरघळवून बनवलेलं रेयॉन. त्यात मूळ बांबूचा धागा उरत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये रेयॉनचं कापड 'बांबू' आणि 'इको-फ्रेंडली' म्हणून विकल्याच्या आरोपावरून वॉलमार्ट आणि कोल्स या दोन बड्या साखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलरचा दंड मोजावा लागला.

कीड, पावसाळा आणि विदर्भाचं ऊन

बांबूचा सगळ्यात मोठा शत्रू त्याच्या आतच असतो, तो म्हणजे पिष्ट. बांबूच्या काठीत स्टार्च असतं आणि त्यावर बारीक भुंगेरे तुटून पडतात. खुर्चीच्या पायाशी पिवळसर, पिठासारखी भुकटी पडू लागली, की समजायचं, आत काम सुरू झालंय.

जुने लोक यावर उपाय करायचे. काठ्या वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायच्या, म्हणजे स्टार्च धुऊन जातं. आज त्यासाठी मुख्यतः बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं द्रावण वापरतात. घरातल्या वस्तूंसाठी हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. पण हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे पावसात भिजणाऱ्या बाल्कनीतल्या झोपाळ्याला त्यांचा आधार फार काळ पुरत नाही. बाहेरच्या कामासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेली द्रावणंही वापरली जातात. ती टिकाऊ असतात, पण विषारी. घरातल्या पाळण्यासाठी किंवा जेवणाच्या टेबलासाठी ती नकोत.

हवामानही बघायला हवं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बांबूवर बुरशी चढते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात नीट न वाळवलेल्या गोल काठ्या उभ्या तडकतात.

नीट प्रक्रिया केलेला बांबू मात्र दीर्घकाळ टिकतो. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूच्या बांधकामासाठी स्वतंत्र विभाग आहे. नव्या संसद भवनात त्रिपुराहून आलेलं बांबूचं फ्लोअरिंग आहे. बंगळुरूच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं छतही प्रक्रिया केलेल्या बांबूने सजवलं आहे. पण प्रक्रियेशिवाय विकलेली खुर्ची दोन पावसाळ्यांत कचऱ्यात गेली, तर ती कितीही नैसर्गिक असली तरी पर्यावरणाला महागच पडते. तिच्या जागी नवी खुर्ची घ्यावीच लागते.

मग बांबूच घ्यायचा, की दुसरं काही?

बांबू हा एकमेव पर्याय नाही.

रबरवुड हा त्यातला एक. रबराच्या झाडातून साधारण २५ ते ३० वर्षं चीक काढला जातो. चीक कमी झाला की मळेवाले झाड काढतात. पूर्वी ते सरपणात जायचं, आता त्याचं फर्निचर होतं. केवळ लाकडासाठी झाड तोडलेलं नसतं, हा त्याचा फायदा. मात्र रबरवुडलाही कीड आणि ओल लवकर धरते, त्यामुळे इथेही प्रक्रिया आलीच.

बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा, यापासूनही पार्टिकल बोर्ड बनतो. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात कच्च्या मालाची कमी नाही. पण बोर्ड म्हटलं की रेझिन आलं, आणि रेझिन म्हटलं की वरचा फॉर्मल्डिहाइडचा प्रश्न.

शिसवीचं फर्निचर घेताना वेगळी काळजी हवी. शिसव आणि शिसम ज्या गटात मोडतात, त्या 'डॅल्बर्जिया' गटाच्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराखाली २०१७ पासून नियंत्रण आहे, कारण अनेक देशांत या गटातल्या झाडांची बेसुमार तोड झाली.

आणि या सगळ्यात स्वस्त आणि हिरवा पर्याय बहुतेक घरांत आधीच असतो, तो म्हणजे आजोबांचं सागवानी कपाट. पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे, तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या बाजारात मिळतात. त्यासाठी नवं झाड तोडावं लागत नाही, नवा कारखाना चालवावा लागत नाही. सुताराला बोलावून पॉलिश आणि नव्या कड्या बसवल्या, की ते कपाट पुढच्या पिढीलाही पुरतं. फक्त त्याचा रील बनवून विकायला कुणी नसतं, म्हणून ते ट्रेंडमध्ये येत नाही.

विक्रेत्याने काहीही दावा केला तर चालतो का?

नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'ग्रीनवॉशिंग' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ग्रीनवॉशिंग म्हणजे वस्तू पर्यावरणपूरक असल्याचा खोटा किंवा वाढवून केलेला देखावा. या तत्त्वांनुसार 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'सस्टेनेबल', 'नॅचरल' असे मोघम शब्द वापरायचे असतील, तर त्याला पुरावा द्यावा लागतो. दावा संपूर्ण वस्तूचा आहे, तिच्या एखाद्या भागाचा आहे, की फक्त पॅकिंगचा, हे स्पष्ट करावं लागतं. ही माहिती जाहिरातीत किंवा क्यूआर कोडसारख्या मार्गाने ग्राहकापर्यंत पोचवावी लागते.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरीकडे, सरकारचा स्वतःचाही शिक्का आहे, 'इकोमार्क'. मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेली ही योजना १९९१ मध्ये आली, पण ग्राहकांपर्यंत फारशी पोचलीच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या जागी नवे इकोमार्क नियम आले. ते दुकानातल्या फर्निचरवर दिसू लागतील का, हे पुढच्या काळात कळेल. तोवर लाकडाच्या वस्तूंवर 'एफएससी'सारखं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असेल, तर कच्चा माल जबाबदारीने राखलेल्या जंगलातून आल्याची काही हमी मिळते. लहान कारागिरांना मात्र असं प्रमाणपत्र परवडत नाही. म्हणून प्रमाणपत्र नाही म्हणजे वस्तू वाईट, असा सरसकट निष्कर्षही काढता येत नाही.

घेताना काय विचारायचं?

'प्राइस प्लीज'च्या सोबत हे पाच प्रश्न विचारता येतील.

१. बांबू कुठला? कोणत्या जिल्ह्यातून किंवा देशातून आला, हे विक्रेत्याला सांगता यायला हवं. जवळचा असेल तर वाहतुकीचं प्रदूषण कमी आणि पैसा आपल्याच राज्यात.

२. गोल काठी आहे, पट्ट्या जोडलेल्या आहेत, की फक्त वरचा पापुद्रा बांबूचा आहे? आत एमडीएफ आणि वर बांबूचा पातळ थर, असंही असतं. वस्तूची कड किंवा मागची बाजू पाहिली की कळतं.

३. कीडरोधक प्रक्रिया कोणती केली? 'केमिकल-फ्री आहे' हे उत्तर ऐकायला छान, पण पाण्यात मुरवलेलाही नसेल आणि द्रावणातही बुडवलेला नसेल, तर तो भुंगेऱ्यांना आमंत्रण देणारा बांबू आहे.

४. चिकटद्रव्य कोणतं? बोर्ड किंवा प्लाय असेल तर बीआयएसचं मानचिन्ह आणि फॉर्मल्डिहाइडच्या चाचणीचा अहवाल मागावा. नवं फर्निचर घरी आल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून खोली हवेशीर ठेवावी.

५. मोडलं तर दुरुस्त होईल का? बांधणी सैल झाल्यावर ती पुन्हा आवळून देणारा कारागीर जवळपास असेल, तर खुर्चीचं आयुष्य अनेक वर्षांनी वाढतं.

यातल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तरी विक्रेता आपला माल ओळखतो, एवढं कळतं.

शेवटी मुद्दा काय?

बांबू चांगला आहे, यात वाद नाही. तो वेगाने वाढतो, जमीन धरून ठेवतो आणि दरवर्षी कापता येतो. पण 'बांबू' हा शब्द छापला म्हणून कुठलीही वस्तू आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. जवळच्या जिल्ह्यात पिकलेला, नीट मुरवलेला, कमीत कमी रेझिन वापरलेला आणि दहा-पंधरा वर्षं टिकणारा बांबू खरोखर हिरवा असतो. परदेशातून आलेला, स्वस्त रेझिनमध्ये दाबलेला आणि दोन वर्षांत मोडणारा बांबू फक्त फोटोत हिरवा दिसतो.

राज्यातले शेतकरी आज सरकारच्या शब्दावर बांबू लावत आहेत. तीन-चार वर्षांनी काठ्या तयार होतील, तेव्हा त्यांना कागद कारखान्याचा, जळणाचा की फर्निचरचा भाव मिळेल, हे शहरातला ग्राहक काय विचारून खरेदी करतो, यावरही ठरणार आहे. ग्राहकाने फक्त किंमत विचारली, तर बाजार फक्त स्वस्त माल देईल. त्याने 'कुठला बांबू?' असं विचारायला सुरुवात केली, तर विक्रेत्याला उत्तर शोधायला गडचिरोली, चंद्रपूर किंवा कुडाळची वाट धरावी लागेल.